मैत्रिणीच्या फोटोला ‘छान’ म्हणून झाल्यावर

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारच्या या वेळेला कुणी भांगलण थांबवून बांधावर टेकली असेल, कुणी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ऐकत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज मी फोटोबद्दल बोलणार आहे. रेडिओवर फोटोबद्दल बोलायचं म्हणजे गंमतच, कारण मी तुम्हाला एकही फोटो दाखवू शकत नाही. पण त्याचा एक उपयोग आहे, तो पुढे सांगते.

आता गटातल्या बहुतेक जणींच्या घरी कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. पापड वाळत घातले की फोटो, वाकळ शिवून झाली की फोटो, लेकीच्या गॅदरिंगचा फोटो, पहिल्या पावसात भिजलेल्या माळाचा फोटो. आपल्यातल्या काही जणींना याची चांगलीच आवड लागली आहे. मला याचा आनंद आहे. ज्या बाईने आयुष्यात लग्नातल्या अल्बमपलीकडे फोटो पाहिला नव्हता, ती आज स्वतः ठरवते की कशाचा फोटो काढायचा. फोटो काढून ती मैत्रिणींना पाठवते आणि मग वाट बघत बसते. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

आणि आपण काय म्हणतो? “छान.” “मस्त.” “लय भारी.” नाहीतर एक अंगठा आणि दोन फुलं. किंवा मग दुसरं टोक, म्हणजे टोमणा. या दोन्हींच्या मध्ये बोलण्याची एक जागा आहे, तिथे आपण फारशा जात नाही. त्या जागेबद्दल मला आज सांगायचं आहे.

आधी ‘छान’चं बघू. आमच्या शेजारच्या एका गटाने कारळ्याची चटणी केली होती. चव अशी की भाकरी कमी पडावी. त्यातल्या एका ताईने रात्री स्वयंपाकघरात पिवळ्या बल्बखाली, काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातल्या चटणीचा फोटो काढला आणि गटात टाकला. अकरा जणींनी ‘छान’ लिहिलं. मग तोच फोटो शहरातल्या एका गिऱ्हाईक बाईंना गेला. त्यांनी विचारलं, “चटणी जळली आहे का हो?” ऑर्डर काही आली नाही. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक मावशी हळूच म्हणाल्या, “मला बघताक्षणी वाटलं होतं कोळशाची पूड दिसतीया म्हणून. पण म्हटलं, कशाला बोला.”

हे ‘कशाला बोला’ फार महाग पडतं, मैत्रिणींनो. त्या मावशींना दिसलं होतं. अकरा ‘छान’पेक्षा त्यांचं एक वाक्य त्या ताईच्या कामाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या बशीत चटणी घेऊन, दाराजवळच्या उजेडात फोटो काढला, तर कारळ्याचा कण न् कण वेगळा दिसायला लागला आणि लसणाच्या पाकळ्याही उठून आल्या. चटणी तीच आणि मोबाईलही तोच होता.

आता टोमण्याचं. एका ताईंनी संध्याकाळी अंगणातल्या कोंबडीचा आणि तिच्या पिल्लांचा फोटो काढला. कोंबडी पंख पसरून उभी, दोन पिल्लं आत शिरलेली, एक बाहेर डोकावतंय. खरंच नजर ठरावी असा क्षण. पण मागे मोरीचा आडोसा आला होता, फाटक्या ताडपत्रीचा. खाली कुणीतरी लिहिलं, “आधी मागचं झाका, मग कोंबडी दाखवा.” आणि त्याखाली चार जणींची हसणारी तोंडं.

मोबाईल काही त्या ताईंचा एकटीचा नव्हता. आपल्यापैकी कितीजणींचा असतो? तो घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. मालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, “गावाला आपलं घर दाखवायला काढतेस का फोटो? बंद कर हे चाळे.” पुढे कित्येक महिने त्या ताईंनी एकही फोटो काढला नाही.

आता नीट बघा, मागचा आडोसा नजर ओढून घेत होता हे खोटं नव्हतं. लिहिणारीला दिसलं ते बरोबरच दिसलं. पण तिने जर असं सांगितलं असतं, “ताई, ते डोकावणारं पिल्लू काय पकडलंय तुम्ही! पण माझी नजर सारखी मागच्या निळ्या ताडपत्रीवर जाते. पुढच्या वेळी जमिनीवर उकिडवं बसून, दोन पावलं उजवीकडे सरकून काढून बघा, मागे नुसतं अंगण येईल,” तर? दोष तोच सांगितला असता, आणि त्या ताई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा कोंबडीपुढे जाऊन बसल्या असत्या.

एकमेकींच्या फोटोवर मत देण्याची ही गोष्ट मोबाईलने आणलेली नाही. फार पूर्वीपासून हौशी फोटो काढणारे लोक हे करत आले आहेत. काशीजवळच्या रामनगरच्या दोन जुळ्या बहिणी होत्या, देबलिना आणि मनोबिना. जन्म 1919चा. बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा वडिलांनी त्यांच्या हातात कॅमेरा दिला. पुढे मनोबिनाताईंचं लग्न ‘दो बीघा जमीन’ हा सिनेमा करणाऱ्या बिमल रॉय यांच्याशी झालं आणि त्या मुंबईत राहिल्या. दोघी बहिणी संसार सांभाळून आयुष्यभर हौसेने फोटो काढत राहिल्या. तर या बहिणी संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या, फोटोग्राफीच्या एका टपाल मंडळाच्या सभासद होत्या. अशा टपाल मंडळांची पद्धत मोठी छान असते. फोटोंचं एक पाकीट पोस्टाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरतं. ते आलं की प्रत्येकाने इतरांचे फोटो बघायचे, त्यावर आपलं मत लिहायचं, आपला नवा फोटो आत घालायचा आणि पाकीट पुढे धाडायचं. फिरत फिरत ते परत आलं की आपल्या फोटोबद्दल सगळ्यांनी काय लिहिलंय ते वाचायला मिळतं.

विचार करा, तिथे अंगठा दाखवून भागत नाही. कागदावर दोन ओळी तरी लिहाव्या लागतात. आणि लिहायचं म्हणजे आधी बघावं लागतं.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, “ताई, आम्हाला कॅमेऱ्यातलं काय कळतंय? आम्ही काय सुचवणार?” मी विचारते, साडी घेताना तुम्ही काय करता? दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवता का? साडी उचलता आणि दुकानाच्या दारात, बाहेरच्या उजेडात नेऊन रंग बघता. म्हणजे कोणता उजेड फसवतो आणि कोणता खरं दाखवतो, हे तुम्हाला कळतं. रांगोळी काढताना मोर मध्ये आला की एका बाजूला सरकला, हे चार पावलं मागे जाऊन तुम्हीच बघता. ताटात भात कुठे आणि चटणी कुठे, हे तुमच्या हाताला पाठ आहे. ही सगळी नजर फोटोलाही चालते. ती तोंडाने सांगायची सवय नाही, एवढंच.

आपल्या बचत गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाच्या वह्या. तशीच पाच सूत्रं आम्ही फोटोवर बोलण्यासाठी केली आहेत. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की वीस मिनिटं यासाठी ठेवतो. एका वेळी फक्त तीन फोटो. मोबाईल हातोहात फिरतो.

पहिलं सूत्र: आधी दिसतं ते सांगायचं. चांगलं-वाईट नंतर. समजा तुम्ही रेडिओवर बोलताय आणि ऐकणारीला फोटो दिसत नाही, तिला कसं सांगाल? “ओसरीवर एक आजी बसल्यात. उजव्या बाजूने ऊन आलंय. मांडीवर सुपात शेंगा आहेत. आजी खाली बघतायत. मागे दोरीवर लाल टॉवेल आहे.” रेडिओचा उपयोग म्हणाले होते ना, तो हा. असं सांगायला लागलं की एक मिनिट तरी फोटोकडे बघावंच लागतं. आणि ज्या ताईने फोटो काढला, तिला आयतंच कळतं की लोकांना काय दिसतंय. लाल टॉवेलाचं नाव तिसऱ्या वाक्यात आलं आणि आजींच्या शेंगा राहूनच गेल्या, तर तिला आणखी काही सांगावं लागत नाही. आमच्यात ज्या मावशींना लिहिता-वाचता येत नाही, त्या या पहिल्या सूत्रात सगळ्यांत पुढे असतात.

दुसरं सूत्र: विचारायचं, “तुला काय दाखवायचं होतं?” एका सुनेने सासूबाई वाकळ शिवतानाचा फोटो आणला होता. हात, सुई, जुन्या साड्यांचे थर, आणि वर हनुवटीचा अर्धा तुकडा. लगेच एकजण म्हणाली, “अगं, तोंडच कापलंस की सासूचं!” सगळ्या हसल्या. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला तोंड नकोच होतं. आत्यांचे हात दाखवायचे होते. बोटाला सुई टोचून टोचून घट्टा पडलाय, तो.” मग बोलणं बदललं. हातच दाखवायचे असतील, तर ती अर्धी हनुवटी तरी कशाला? आणखी एक पाऊल पुढे जा आणि हातांनीच फोटो भरू दे. किंवा मग मागे सर आणि आत्यांचं पूर्ण तोंड येऊ दे. अर्धंमुर्धं राहिलं की बघणाऱ्याला ते चुकून कापल्यासारखं वाटतं. न विचारता सुचवलं असतं तर आपण आपल्या मनातला फोटो तिच्यावर लादला असता.

तिसरं सूत्र: जमलेलं नेमकं सांगायचं. कुणाचं कौतुक करू नका, असं मी म्हणत नाही. भरपूर करा. पण काय छान आहे ते सांगा. “शेंगांवर ऊन पडलंय त्यामुळे सालीवरच्या रेघा दिसतायत,” असं म्हटलं की तिला कळतं, कडेने येणारं ऊन उपयोगाचं आहे, पुन्हा तसंच काढायचं. नुसत्या ‘छान’ने तिला बरं वाटतं, पण पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं ते कळत नाही.

चौथं सूत्र: सुचवायचं एकच, आणि तिला करता येईल असं. पाच चुका एकदम काढल्या की माणूस पाचही विसरतो आणि अपमान तेवढा लक्षात ठेवतो. “मोबाईल चांगला घे,” हे सुचवणं नाही. मोबाईल काय हप्त्यावर हप्ता काढून घ्यायचा? तिच्या हातात आहे ते सांगा. आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा ज्या गोष्टी निघतात, त्यातल्या काही सांगते.

पहिली म्हणजे भिंग पुसणं. आपल्या मोबाईलला पिठाचा हात लागतो, तेलाचा लागतो. मग फोटो धुकं पडल्यासारखा येतो आणि दिव्याभोवती उजेड पसरतो. स्वच्छ मऊ सुती कापडाने भिंग पुसलं तर निम्म्या तक्रारी मिटतात. दुसरं म्हणजे दुपारच्या बाराचं ऊन. त्यात माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळी लवकर, उतरत्या उन्हात, नाहीतर दाराच्या आतल्या सावलीत बसवा. लोणच्याचा फोटो फ्लॅशने काढला की तेलावर पांढरे डाग चमकतात, म्हणून फ्लॅश बंद करून खिडकीजवळ ठेवा. अंधाऱ्या बाजूला एक पांढरा कागद उभा धरला की त्यावरून उजेड परत येतो आणि सावली मऊ होते. दोन बोटांनी चित्र मोठं करून काढलेला फोटो फुटतो, त्यापेक्षा चालत जवळ जा. लहान मुलाचा फोटो उभ्याने काढला की नुसतं डोकं मोठं दिसतं, त्याच्याएवढं खाली बसा. आणि बटण दाबायच्या आधी चारही कडा एकदा बघा. कोपऱ्यात केरसुणी, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कॅरीबॅग, हे सगळं तेव्हाच दिसतं.

यातलं एका वेळी एकच सांगायचं हं! आज उजेड, पुढच्या महिन्यात मागची बाजू. घाई नाही.

पाचवं सूत्र सगळ्यांत महत्त्वाचं: बोलायचं फोटोवर. फोटोतल्या माणसावर नाही, काढणारीच्या घरावर नाही. “आजी किती काळवंडल्यात,” “भिंतीचा रंग गेलाय,” “पोरगी जाड दिसते,” “ही साडी का नेसवली,” हे फोटोवरचं मत नव्हे. उजेड कमी आहे असं म्हणा, बाई सावळी आहे असं म्हणू नका. मागची गर्दी नजर ओढते म्हणा, घरात पसारा आहे म्हणू नका. ऐकणारीला या दोन बोलण्यांतला फरक लगेच कळतो, कारण आपण जन्मभर दुसऱ्या प्रकारचंच ऐकत आलो आहोत. माहेरी, सासरी, पाणवठ्यावर. आपल्या गटात तरी बाईला तिसऱ्या प्रकारचं बोलणं ऐकायला मिळू दे.

याच सूत्रात आणखी दोन गोष्टी येतात. सुधारणेचं काही सांगायचं असेल तर शक्यतो समोरासमोर सांगा, नाहीतर फोन करून. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो, आणि तो घरात कोण कोण वाचेल ते सांगता येत नाही. आणि कुणाचा फोटो तिला न विचारता तिसरीकडे मत मागायला पाठवायचा नाही. त्यात माणसं असतात, लेकीबाळी असतात.

आता ज्या ताईचा फोटो आहे तिच्यासाठी दोन शब्द. मैत्रीण बोलत असताना मध्येच “अगं, तेव्हा लाइटच नव्हती, हा रडत होता, गडबड होती,” असं सांगायला सुरुवात करू नकोस. खरं असेल ते. पण बघणाऱ्याला फक्त फोटो दिसतो, त्यामागची गडबड दिसत नाही. आधी ऐकून घे. मग पटलं तर घे, नाही पटलं तर सोड. फोटो तुझा आहे. वाकळवाल्या सुनेला कुणीतरी “रंगीत साडीतला फोटो काढ” असं सुचवलं होतं. ती म्हणाली, “नको, आत्या रोज जशा बसतात तशाच हव्यात.” बरोबरच होतं तिचं.

सुरुवातीला सगळ्यांत अवघड गेलं ते वय आणि नातं. धाकट्या जावेने थोरलीच्या फोटोत काही सुचवायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण. यावर उपाय म्हणून आम्ही बोलण्याचा क्रमच ठरवून टाकला. सगळ्यांत लहान सभासद आधी बोलणार, अध्यक्ष आणि सचिव शेवटी. मोठ्यांनी आधी मत दिलं की धाकट्या नुसत्या माना डोलावतात. आणि प्रत्येकीला एक जमलेलं आणि एक सुचवायचं सांगावंच लागतं, त्यामुळे ‘हिनेच नाव ठेवलं’ असं कुणाला म्हणता येत नाही. आता थोरल्या जाऊबाई स्वतःहून विचारतात, “माझ्यातलं काय राहिलं गं?”

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा फोटोसाठी एवढा खटाटोप कशाला? एक तर पोटाचं कारण आहे. आपला माल आता अनोळखी माणूस आधी फोटोत बघतो, हातात नंतर घेतो. प्रदर्शनात गिऱ्हाईक चटणी चाखून बघतं, फोटोत चाखता येत नाही. पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं कारण. वीस मिनिटं फोटोवर असं बोलणाऱ्या बायका पुढे कर्जाच्या चर्चेतही तसंच बोलायला लागल्या. “हिला कर्ज नको, ही बुडवणार,” असं म्हणण्याऐवजी, “शेळ्या घ्यायच्यात ते बरं आहे, पण उन्हाळ्यात चारा कुठून आणणार ते सांग,” असं विचारणं सुरू झालं. दिसतं ते सांगणं, तिला काय करायचंय ते विचारणं आणि एक गोष्ट सुचवणं, सगळं तेच.

आणि त्या कोंबडीवाल्या ताई? त्यांना त्यांच्या गटातल्या शेजारणीने बैठकीला यायचा आग्रह केला, मोबाईलमधला तो जुना फोटो घेऊन. फोटो हातोहात फिरला. पहिलं सूत्र म्हणून एका म्हाताऱ्या मावशींनी सांगायला सुरुवात केली, “कोंबडी हाय. पंख उघडल्यात. दोन पिल्लं आत गेल्यात, तिसरं म्हणतंय मला कुठं जागा हाय…” बोलता बोलता मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “आपलंबी असंच हाय की गं.” ताडपत्रीचा विषय निघाला, पण सगळ्यांत शेवटी, आणि तो असा की खाली बसून काढ. त्या आता खाली बसून काढतात. परवा त्यांनी शेळीच्या करडाचा फोटो आणला होता, अगदी त्याच्या डोळ्यांना डोळा लावून काढलेला. त्यात कान जरा कापला गेला होता. तेही आम्ही सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला वाटलंच होतं तुम्ही कान धरणार.”

तर मैत्रिणींनो, या आठवड्यासाठी एक काम. मोबाईलमध्ये कुणा मैत्रिणीने पाठवलेला फोटो असेल, ज्याला तुम्ही अंगठा दाखवून मोकळ्या झाला असाल. तो पुन्हा उघडा आणि एक मिनिट बघा. मग तिला फोन लावा. काय दिसलं ते सांगा, काय दाखवायचं होतं ते विचारा. जमलेलं एक सांगा, आणि ती म्हणाली तरच एक सुचवा. फोन ठेवताना “पुढचा फोटो कधी पाठवतेस?” हे विचारायला विसरू नका.